साईडपट्टी, सळीचा ब्रेक आणि उसाची ट्रॉली : सायकलस्वारांचे प्रश्न

गळीत हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळ्यात चेन गंजल्याची, ट्यूब फुगल्याची तक्रार असते. नोव्हेंबर उजाडला की ‘रस्त्यावर सायकल काढायची भीती वाटते’ असं लिहून येतं. या वेळी सांगली, मिरज, तासगाव आणि पलूस भागातली अशी पत्रं एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न जोडून टाकले आहेत.

प्रश्न : मिरजेहून विश्रामबागेला रोज सायकलने कामावर जातो. अगदी कडेने, पांढऱ्या पट्टीच्याही बाहेरून चालवतो. तरी मोटारसायकली कोपराला घासून जातात आणि मोठी गाडी आली की साईडपट्टीवर उतरावं लागतं. आता आणखी किती कडेने जायचं? (एक वाचक, मिरज)

जरा आत या. तुमचा त्रास कडेने जाण्यातूनच येतोय.

चाक डांबराच्या कडेपासून दीड-दोन हात आत असू द्या, म्हणजे पाऊण ते एक मीटर. कडेला वाळू, काचा, खडी आणि चेंबरची खचलेली झाकणं असतात. ती चुकवायला तुम्ही दर पन्नास पावलांवर उजवीकडे सरकता आणि मागच्याला ते आधी कळत नाही. शिवाय अगदी कडेच्या सायकलला मागची गाडी ‘रस्त्यावर आहे’ असं धरतच नाही. तो वेग कमी करत नाही, स्टिअरिंग हलवत नाही, आहे त्या रेषेत तुमच्या कोपराशेजारून निघून जातो. तुम्ही दोन हात आत असलात की त्याला उजवीकडे घ्यावंच लागतं, आणि एकदा घ्यायचंच ठरलं की तो जरा जास्तच घेतो. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. आपल्याकडे कोणी टेप घेऊन मोजत नाही. ते अंतर आपणच रस्त्यावर आपली जागा घेऊन मिळवायचं.

आत आल्यावर पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची : रेष सोडायची नाही. उभ्या गाड्यांच्या रांगेत मध्येच मोकळी जागा दिसली म्हणून आत वळायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, हे करू नका. बाहेर येण्याच्या त्या क्षणी तुम्ही मागच्याला अचानक उगवल्यासारखे दिसता. उभ्या मोटारींपासून सव्वा मीटर लांब राहा, कारण पुढचं दार पूर्ण उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. काचेतून डोकं दिसतंय, ब्रेकचा लाल दिवा नुकताच विझलाय, पुढचं चाक तिरकं आहे, अशी गाडी दिसली की बोटं ब्रेकवर ठेवा.

मागून हॉर्न आला की आपल्याकडे माणूस दचकून डावीकडे उडी मारल्यासारखा करतो. तसं करू नका. बहुतेक हॉर्न ‘मी येतोय’ एवढंच सांगणारा असतो. तुम्ही सरळ राहणं हेच त्याला सोयीचं.

साईडपट्टीचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथं माणूस पडतो तो रस्त्याच्या आतल्या बाजूला, गाड्यांकडे. नवा डांबराचा थर पडला की कड तीन-चार इंच उंच होते आणि मुरूम पावसात वाहून ती आणखी उघडी पडते. खाली उतरलात की वर चढायची घाई नको. कडेला समांतर राहून हळूहळू वर यायचा प्रयत्न केला तर टायरची बाजू कडेला घासते, हँडल वळत नाही, तोल मात्र उजवीकडे गेलेला असतो. त्यामुळे पडणं थेट गाड्यांच्या पुढ्यात होतं. खाली गेलात तर खालीच सरळ चालवा, वेग कमी करा, थांबा, मागे बघा आणि सायकल उचलून वर घ्या. कड दोन इंचांच्या आत असेल आणि मागे मोकळं असेल, तर मीटरभर लांबून चांगला कोन करून चढता येतं.

एका ठिकाणी मात्र कडही नको आणि दोन हातही नकोत. सांगलीच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलासारख्या जुन्या अरुंद पुलावर, जिथं समोरून गाडी येत असताना मागच्याला सुरक्षित ओलांडताच येत नाही, तिथं आपल्या अर्ध्या भागाच्या मध्यातून चालवा. पुलाआधी मागे पाहा, हात दाखवा, मध्यावर या, पूल संपला की पुन्हा डावीकडे. मागचा मिनिटभर कुरकुरेल. कुरकुरू द्या.

प्रश्न : मागे वळून पाहिलं की माझी सायकलच उजवीकडे जाते. मग बघायचं कसं? (गृहिणी, माधवनगर)

खांदा वळला की हात वळतात आणि हात वळले की हँडल. हा सवयीचा प्रश्न आहे. सकाळी मोकळ्या मैदानावर चुन्याची किंवा विटेच्या तुकड्याने वीस-पंचवीस मीटरची रेघ मारा. तिच्यावरून चालवताना उजवा हात हँडलवर सैल ठेवा, हनुवटी उजव्या खांद्याला टेकवा आणि मागे उभ्या असलेल्या घरच्या माणसाने किती बोटं दाखवली ते सांगा. रोज दहा मिनिटं केलंत तर चार-पाच दिवसांत रेघ सुटायची थांबते. हँडलच्या उजव्या टोकाला छोटा फुगीर आरसा लावला तर उपयोग होतो, पण त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते. आरशात पाहून अंदाज घ्यावा आणि वळण्यापूर्वी मान वळवावीच.

प्रश्न : पलूसहून शाळेतून घरी येताना आम्ही मित्र उसाच्या ट्रॉलीला मागून धरून येतो. पायडल मारायला लागत नाही. ऊसही ओढता येतो. आई ओरडते. खरंच एवढा धोका आहे का? (इयत्ता नववीतला विद्यार्थी)
प्रश्न : दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला सायकलने ओलांडावं की मागेच राहावं? धूळ आणि पाचट डोळ्यांत जातं. (एक वाचक, तासगाव)

आधी नववीतल्या मित्राला. आई बरोबर आहे. ट्रॉलीला धरलंस की तुझ्या एका हातात ब्रेक उरतो, आणि ट्रॉलीच्या मागे अगदी चिकटून असल्यामुळे पुढचा खड्डा तुला दिसतच नाही. ट्रॅक्टर ज्या खड्ड्याला सरळ ओलांडतो तोच तुझ्या पुढच्या चाकाखाली अचानक येतो. ऊस ओढतोस तेव्हा तर आणखी वाईट. मोळीतली कांडी मोकळी झाली की एकटी येत नाही, शेजारच्या चार घेऊन येते. त्या तुझ्या चाकापुढे पडल्या की गोल असल्यामुळे चाकाखाली फिरतात आणि सायकल क्षणात आडवी होते. मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रॅक्टरला पंधरा-वीस टन वजन घेऊन जागेवर थांबता येत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळं वजन ट्रॅक्टरच रोखतो. ऊस खायचाच असेल तर फडावर जाऊन माग. तोडणीवाले एका कांडीला नाही म्हणत नाहीत.

आता ओलांडायचं. जरा हिशेब करून बघा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी साधारण १५ मीटर. तुम्ही ५ मीटर मागून निघणार आणि ५ मीटर पुढे गेल्यावर डावीकडे येणार, म्हणजे ट्रॅक्टरपेक्षा २५ मीटर जास्त कापायचे. ट्रॅक्टर ताशी १५ किलोमीटरने चाललाय आणि तुम्ही ताकद लावून २० ने. फरक फक्त ५ किलोमीटरचा, सेकंदाला जेमतेम १.४ मीटर. या २५ मीटरना १८ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही उलट्या बाजूवर १०० मीटर गेलेले असता. समोरून ताशी ६० ने येणारी मोटार त्याच १८ सेकंदांत ३०० मीटर पुढे येते. म्हणजे निघताना समोर ४०० मीटर रस्ता सरळ आणि रिकामा दिसला पाहिजे. इतका सरळ रस्ता तासगाव-सांगली पट्ट्यात दिवसातून किती वेळा रिकामा मिळतो ते तुम्हीच ठरवा. आमचं मत : ओलांडू नका. दहा-बारा मीटर मागे राहा, धुळीसाठी साधा चष्मा आणि तोंडाला रुमाल, किंवा सरळ रस्त्याच्या कडेला उतरून दोन मिनिटं त्याला पुढे जाऊ द्या.

डाव्या बाजूने घुसणं तर कधीच नको, मग ट्रॅक्टर उभा असला तरी. कारण नीट समजून घ्या. ट्रॅक्टर डावीकडे वळतो तेव्हा पहिली ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूने कापते; दुसरी ट्रॉली तिच्याहूनही आत कापते. ट्रॅक्टर तुमच्यापासून लांब वळल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या ट्रॉलीचं चाक तुम्ही उभे आहात तिथून जातं. आणि उजवीकडे वळताना चालक जागा मिळावी म्हणून आधी डावीकडे झुकतो. डावी बाजू दोन्ही वेळा फसवी. कारखान्याकडे वळणाऱ्या फाट्यावर पुढे ट्रॅक्टर असेल तर त्याच्या मागेच थांबा आणि तो पूर्ण, म्हणजे शेवटच्या ट्रॉलीसह, वळून जाऊ द्या.

उसाची रचलेली मोळी ट्रॉलीच्या फळीबाहेर हात-दीड हात येते आणि खड्ड्यात झुलते. समोरून येणाऱ्या ट्रॉलीलासुद्धा तिच्या चाकावरून जोखू नका, उसाच्या टोकांवरून जोखा.

रात्रीचा धोका वेगळा. पंक्चर झालेली किंवा काट्यावर नंबर यायची वाट बघत कडेला लावलेली ट्रॉली. मागे दिवा नाही, असलेला रेडियमचा पट्टा पाचटाने झाकलेला, आणि उसाची टोकं सायकलवरच्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. समोरच्या मोटारीच्या प्रकाशाने डोळे दिपले असतील तर ती दिसतच नाही. दिपलं की पायडल थांबवा, नजर डाव्या कडेच्या पट्टीवर ठेवा आणि दिसू लागेपर्यंत चालत्या माणसाच्या वेगाने जा. हंगामात अंधार पडल्यावर कारखान्याच्या रस्त्याने सायकल नेणं टाळता आलं तर टाळाच.

रस्त्यावर पडलेला ऊस ओलांडावा लागला तर चाक काटकोनात न्या, वळवू नका, ब्रेक दाबू नका. तिरकं गेलात तर घसरणारच. रेल्वे फाटकातल्या रुळांनाही हाच नियम, पावसात तर उतरून चालत जा.

प्रश्न : माझी नात पहाटे साडेपाचला क्लासला सायकलने जाते. थंडीत पूर्ण अंधार असतो, नदीकाठी धुकं असतं. नेमकं काय काय घेऊन द्यावं? (आजोबा, हरिपूर)

जानेवारीत आपल्याकडे उजाडायला सातच्या पुढेमागे होतात, म्हणजे जाणं पूर्ण अंधारातलं. आधी आकडा सांगतो, मग यादी. ताशी ६० ने येणाऱ्या गाडीला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही साधारण ४५ मीटर लागतात, त्यातले २५ मीटर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सरतात. डिपरच्या प्रकाशात गडद निळा किंवा काळा स्वेटर सुमारे २५ ते ३० मीटरवर आल्यावर दिसतो. म्हणजे दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. प्रकाश परतवणारी पट्टी सव्वाशे-दीडशे मीटरवरून चमकते.

मागे लाल दिवा, सीटखालच्या दांड्यावर. दप्तर, स्वेटरचं टोक किंवा कॅरियरवरची पिशवी त्याच्यावर येत नाही ना हे सायकलवर तिला बसवून मागून पाहा. निम्म्या सायकलींचे दिवे असेच झाकलेले असतात. अंधारात आणि धुक्यात तो स्थिर लावावा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण किती लांब आहे ते मागच्याला नीट कळत नाही. दिवसा लुकलुकता चालेल. पुढे पांढरा दिवा, दोनशे ते चारशे ल्युमेनचा पुरतो, आणि तो खाली झुकवून सात-आठ मीटरवर रस्त्यावर पडेल असा बांधावा. सरळ समोर लावला तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि खड्डाही दिसत नाही. चार्जिंगचे असतील तर दिवस ठरवून टाका, रविवार-बुधवार असं. नाहीतर ऐन गुरुवारी विझतात.

रेडियमची पट्टी नंबरप्लेट बनवणाऱ्या कोणत्याही दुकानात कापून मिळते. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. मागच्या मडगार्डवर वीतभर, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही पायांवर बाहेरून, चेनकव्हरवर, आणि पायडलच्या पुढच्या-मागच्या कडेला विसरू नका. यातली सगळ्यात कामाची पायडलवरची. ती खालीवर होते आणि चालकाला लांबूनच ‘हे माणूस आहे, सायकल आहे’ असं कळतं. स्थिर ठिपका खांबाचाही असू शकतो. लावण्याआधी जागा रॉकेलने किंवा स्पिरिटने पुसून कोरडी करा, नाहीतर पहिल्या पावसात सुटते. घोट्याला बांधायचा चमकता पट्टाही तेच काम करतो आणि सलवारचा पायचा चेनमध्ये जाऊ देत नाही.

ओढणी. हा विषय आमच्या मते दिव्याइतकाच मोठा आहे. मोकळी ओढणी मागच्या चाकात गेली की गळा आवळला जातो, सायकल तिथेच थांबते. ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारावी किंवा दप्तरात ठेवावी. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्या. तीच जाळी पुढेमागे धाकट्या भावाला कॅरियरवर नेताना त्याचा पाय तारांमध्ये जाण्यापासून वाचवेल. लहान मुलांच्या घोट्याच्या ज्या जखमा सायकलमुळे होतात त्यातल्या कितीतरी अशाच.

प्रश्न : रस्त्याच्या उजव्या बाजूने, म्हणजे येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालवलं तर समोरचं सगळं दिसतं. पायी चालताना असंच चालायला सांगतात. मग सायकलला का नको? (निवृत्त शिक्षक, कुपवाड)

पायी चालणारा ताशी पाच किलोमीटरने जातो आणि पाऊल मागे घेऊन बाजूला होऊ शकतो. सायकल दोन्ही करू शकत नाही. गाडी ४० ने आणि तुम्ही २० ने असाल तर योग्य बाजूने जवळ येण्याचा वेग २० चा. उलट्या बाजूने ६० चा. दोघांनाही विचाराला वेळ एक तृतीयांशच उरतो. त्याहून मोठं कारण गल्लीच्या तोंडाशी आहे. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे पाहतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही त्याच्या डावीकडून येता. तो तुम्हाला पाहत नाही म्हणण्यापेक्षा, तिकडे पाहायचं त्याला कारणच नसतं.

प्रश्न : बाबांची जुनी सळीच्या ब्रेकची सायकल वापरतो. ब्रेक किंचाळतात आणि पावसात लागतच नाहीत. मिस्त्री म्हणतो तेल सोड. पुढचा ब्रेक दाबू नये, तोंडावर पडायला होतं, असंही तो सांगतो. (दूध व्यावसायिक, कवठेपिरान)

दोन्ही सल्ले मोडीत काढा. ब्रेकच्या रबराला किंवा रिमला तेलाचा थेंबही लागता कामा नये. तेल फक्त सळ्यांच्या सांध्यांना आणि लिव्हरच्या खिळीला, तेही एकेक थेंब आणि वर पुसून.

किंचाळण्याचं कारण बहुधा रबर काचेसारखं गुळगुळीत होणं किंवा रिमवर बसलेली काळी चिकट घाण. असं करा. सायकल उलटी ठेवून रिमची रबर घासणारी बाजू साबणाच्या पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. रबरं काढून १०० नंबरच्या पॉलिश पेपरवर चार-पाच वेळा घासा, वरचा चकचकीत थर गेला पाहिजे. रबरात खडीचा कण किंवा लोखंडाचा तुकडा रुतला असेल तर सुईने काढा, तो रिमला चरे पाडतो. रबर दोन-तीन मिलिमीटरवर आलं असेल तर घासत बसू नका, बदला, आणि जोडीनेच बदला. परत बसवताना दोन्ही बाजूंनी रिमपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर सारखं ठेवा आणि वायरचे ब्रेक असतील तर रबर टायरला लागत नाही हे चाक फिरवून पाहा. टायरला लागलं तर काही दिवसांत टायरची बाजू कापली जाते आणि ट्यूब चालत्या गाडीत फुटते. लिव्हर पूर्ण दाबल्यावर तो आणि हँडल यांत दीड बोटाचं अंतर उरलं पाहिजे. वायरचे ब्रेक असणाऱ्यांनी वायरची एक जरी तार तुटलेली दिसली तरी पूर्ण वायर बदलावी.

तपासणी सोपी. उजवा लिव्हर बहुधा पुढचा असतो. तो घट्ट दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. डावा दाबून ढकला, मागचं चाक फिरण्याऐवजी घासत गेलं पाहिजे. ताशी २० ने जाताना दोन्ही ब्रेक नीट असतील तर ब्रेक लागल्यापासून साधारण चार मीटरमध्ये थांबता येतं. फक्त मागचा वापरलात तर सात-आठ मीटर जातात. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढेच असते. तोंडावर पडतो तो पुढचा ब्रेक एकदम आणि एकटा दाबणारा. दोन्ही एकत्र, दाब वाढवत नेत, कोपर ताठ आणि बूड सीटच्या मागच्या टोकाला. वाळूवर, ओल्या रंगपट्ट्यावर किंवा वळणात असताना पुढचा हलकाच ठेवा. तिथं पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही.

पावसाचं मात्र सरळ सांगतो : चकचकीत लोखंडी रिमवर ओलं रबर जवळजवळ धरतच नाही. यावर रबर कितीही महाग घेतलंत तरी उपाय पूर्ण होत नाही. थांबायच्या बरंच आधी दोन-तीनदा हलका दाब देऊन रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं आणि मग खरा दाब. कॅनमध्ये चाळीस लिटर दूध असताना तर थांबायचं अंतर दुप्पट धरा. जमल्यास रिम ॲल्युमिनियमची बसवून घ्या, फरक लगेच कळेल. आणि पावसाळ्यात शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर जी काळी माती येते ती पाण्यापेक्षा वाईट. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ती ठासली की चाक अडतं. रोज काडीने काढावी, वाळू देऊ नये.

कॅन दोन्ही बाजूंना समान वजनाचे हवेत आणि मागच्या टायरमध्ये हवा टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्याच्या वरच्या टोकाला. दूध घालून परतताना एक कॅन रिकामा आणि एक भरलेला असेल तर सायकल त्या बाजूला ओढते. नेमकी उजवीकडे ओढली तर गाड्यांत जाईल.

प्रश्न : मोठ्या चौकात उजवीकडे वळताना मध्यात अडकते. (कॉलेज विद्यार्थिनी, विश्रामबाग)

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. रहदारी कमी असेल तर चौकाच्या ४०-५० मीटर आधी मागे पाहा, हात पूर्ण लांब करून दाखवा, मागचा खरंच सावकाश झाला हे बघून एकेक टप्प्याने मध्याकडे सरका. हात दाखवणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे. गर्दीत ही वाट सोडा आणि दुसरी धरा : सरळ जाणाऱ्यांबरोबर डावीकडूनच चौक ओलांडा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकल उजवीकडे तोंड करून उभी करा आणि त्या बाजूच्या गाड्या सुटल्या की त्यांच्याबरोबर निघा. अर्धा-एक मिनिट जास्त लागतं. उतरून झेब्रा पट्टीवरून हातात धरून नेलीत तरी त्यात कमीपणा नाही.

सिग्नलला थांबताना एसटी किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला पुढे घुसू नका. त्याच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. अगदी नाकासमोर उभं राहणंही तितकंच वाईट, उंच केबिनमधून जवळचं खाली दिसत नाही. एसटी थांब्याला लागत असेल तर तिच्या आणि फुटपाथच्या फटीत जाऊ नका, उतारू त्याच फटीत उड्या टाकतात.

प्रश्न : मोटारसायकलचं हेल्मेट सायकलला चालेल का? (एक वाचक, मिरज)

नसण्यापेक्षा बरं, पण रोज घालवणार नाही. ते किलो-सव्वा किलोचं असतं, कान झाकतं आणि आपल्या उन्हात दहा मिनिटांत काढून हँडलला लटकतं. सायकलचं अडीचशे-तीनशे ग्रॅमचं असतं. आत ‘ईएन १०७८’ किंवा ‘सीपीएससी’ अशी खूण पाहा. भुवयांच्या वर कपाळाला टेप गुंडाळून घेर सेंटिमीटरमध्ये मोजून न्या. पुढची कड भुवयांवर दोन बोटं. मागे कललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. पट्टे कानाखाली एकत्र आले पाहिजेत, हनुवटीखाली एकच बोट जावं. एकदा आपटलं की वरून ठीक दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते टाकून द्यायचं. आणि हेल्मेट पडल्यावर कामाला येतं. या पानावरचं बाकी सगळं पडू नये म्हणून आहे.

प्रश्न : एका कानात इअरफोन चालतो का?

नाही. मागचं तुम्ही मुख्यतः कानांनी पाहता.

प्रश्न : संध्याकाळी वस्तीवरची कुत्री पाठ धरतात. वेग वाढवला की जास्तच चेकाळतात. (एक वाचक, बुधगाव)

कुत्र्यामुळे होणाऱ्या इजेपेक्षा कुत्र्याकडे बघत रस्त्याच्या मध्ये गेल्यामुळे होणारी इजा मोठी असते. पाय उचलून लाथ मारू नका, तोल तिथंच जातो. पायडल थांबवा, मागे गाडी नाही ना पाहा, उतरा आणि सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरून चालत जा. पळणारं चाक थांबलं की बहुतेकांचा उत्साह संपतो. दात किंवा नख लागलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची.

प्रश्न : भावाला मोटारीने मागून धडक दिली आणि गाडी पळून गेली. लोकांनी उशिरा उचललं, पोलिसांच्या फेऱ्यात अडकू म्हणून. अशा वेळी काय करायला हवं? सायकलवाल्याला काही भरपाई मिळते का? (एक वाचक, सांगलीवाडी)

पहिला फोन १०८, रुग्णवाहिकेसाठी, किंवा ११२. मदत करणाऱ्याला आता घाबरायचं कारण नाही : मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १३४ अ कलमाने त्याला संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. जखमीची मान किंवा पाठ दुखत असेल तर त्याला बसवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

सायकलला परवाना किंवा विमा लागत नाही, म्हणून सायकलस्वाराला भरपाई नाही, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. धडक मोटार वाहनाची असेल तर तुम्ही त्या वाहनाच्या विम्यातले तिसरे पक्ष आहात. वाहन सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. सहा महिन्यांच्या आतच करा. वाहन सापडलंच नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करून द्यावा. शिवाय मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय आहे. या सगळ्याला पाया एकच : पोलिसांकडची नोंद. ‘फारसं लागलं नाही’ म्हणून ती टाळली की पुढे काही उभं राहत नाही. जागेवरच सायकलचे, रस्त्यावरच्या खुणांचे, तुटून पडलेल्या काचेचे फोटो काढून ठेवा. पळालेल्या गाडीचा दिव्याचा तुकडा कधी कधी गाडीचं मॉडेल सांगतो.

सायकल परत वापरण्याआधी चाक फिरवून डगमग पाहा, हँडल पुढच्या चाकाच्या रेषेत आहे का पाहा आणि चिमटा बाजूने न्याहाळा. धडकेत तो मागे वाकतो. मिस्त्री गरम करून, ठोकून सरळ करून देतील, दिसायला नवाही होईल. घेऊ नका. वाकून सरळ केलेलं लोखंड त्याच जागी पुन्हा मोडतं, आणि चिमटा मोडतो तो ब्रेक दाबल्यावर. नवीन बसवा.